दोन हजारांच्या नोटेतली ‘चिप’: व्हायरल बातमी कशी तपासावी?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर २००० रुपयांच्या नव्या नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ असल्याची अफवा पसरली. जमिनीखाली १२० मीटरवर पुरलेली नोटही सापडेल, असा दावा होता. काही वृत्तवाहिन्यांनीही तो दाखवला. रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला.

जीपीएस यंत्र उपग्रहाचे संकेत फक्त घेते. आपला ठावठिकाणा कळवायला वीज आणि ट्रान्समीटर लागतो. कागदी नोटेत तो कुठून येणार? पण ‘१२० मीटर’सारखा नेमका आकडा दिला की बातमी खरी वाटते.

‘नेटकरी संतापले’ म्हणजे कित्येकदा चार पोस्ट. ‘सूत्रांनुसार’ची गोष्ट वेगळी; नाव लपवण्यामागे खरे कारण असू शकते. अशा वेळी मूळ कागद शोधावा. नोटेची वैशिष्ट्ये सांगणारे रिझर्व्ह बँकेचे पत्रक ८ नोव्हेंबरलाच आले होते. त्यात चिपचा उल्लेखच नव्हता.