चौरंगाचे मोल किती? हस्तनिर्मित लाकडी सामानाच्या ऑनलाइन विक्रीचे गणित

अक्कलकोट - श्री स्वामी समर्थांच्या वास्तव्याने आणि १८७८ मधील त्यांच्या समाधीने तीर्थक्षेत्र झालेल्या अक्कलकोटात वर्षभर भाविकांची वर्दळ असते. चैत्र शुद्ध द्वितीयेचा प्रकट दिन, चैत्र वद्य त्रयोदशीची पुण्यतिथी आणि गुरुपौर्णिमा या काळात तर गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. देवघर, चौरंग, पाट, पादुका ठेवण्याचा स्टॅंड अशा लाकडी वस्तूंना असा भाविक हा स्वाभाविक ग्राहक असतो. मात्र तो दर्शन घेऊन पुण्या-मुंबईला किंवा सीमेपलीकडे कलबुर्गीला परतला, की कारागिराशी त्याचा संबंध तुटतो. ऑनलाइन विक्रीमुळे हा संबंध पुन्हा जोडता येतो. परंतु दुकानातील भाव तसाच्या तसा संकेतस्थळावर टाकला, तर विक्री वाढूनही सुताराच्या हाती काही उरत नाही. किंमत ठरविण्याचे शास्त्र समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

बलुत्याचा वारसा

सुतार हा गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आढळते. नांगर, कुळव, बैलगाडी यांच्या दुरुस्तीचा मोबदला नगावर ठरत नसे. सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने तो मिळे. त्यामुळे एका वस्तूला किती तास लागले, हे मोजण्याची गरजच पडत नव्हती. बलुते संपले, रोखीचा व्यवहार आला. तरी 'लाकडाचे पैसे आणि वर थोडी मजुरी' हा अंदाजाचा हिशेब अनेक ठिकाणी टिकून राहिला. समोरासमोरच्या घासाघिशीत तो कसाबसा निभावतो. ऑनलाइन विक्रीत मात्र किंमत एकदाच जाहीर होते आणि तिच्यातून कमिशन, वाहतूक व परतावा यांचा खर्च वजा होतो.

लाकडाचा हिशेब

लाकडाचे मोजमाप घनफुटात होते. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे, हे सूत्र वखारीत सर्वपरिचित आहे. उदाहरणादाखल अठरा इंची चौरस चौरंग घेऊ. एक इंच जाडीच्या फळीला ०.१९ घनफूट, नऊ इंच उंचीच्या दोन इंची चार पायांना ०.०८ आणि सोळा इंच लांब, तीन इंच रुंद अशा चार पट्ट्यांना ०.११ घनफूट लाकूड लागते. एकूण ०.३८ घनफूट. रंधा, कापणी आणि गाठी यांत जाणारी घट २५ टक्के धरली, तर प्रत्यक्षात सुमारे ०.४८ घनफूट लाकूड विकत घ्यावे लागते. ही घट न धरणे ही पहिली आणि सर्वांत सामान्य चूक होय.

समजा, सागवानाचा दर घनफुटाला ३,००० रुपये आहे. लाकूड झाले १,४४० रुपयांचे. चौदा तासांचे काम तासाला १२० रुपये दराने १,६८० रुपये. पॉलिश, पॉलिशपेपर, फेव्हिकॉल व स्क्रू २५० रुपये. वीज, जागाभाडे व हत्यारांची झीज २०० रुपये. पॅकिंग २३० रुपये. अशा रीतीने मूळ खर्च ३,८०० रुपये होतो. दर गावागणिक बदलतील, रीत बदलणार नाही. कारागीर स्वतः आणि घरची माणसे राबली, तरी ती मजुरी हिशेबात धरलीच पाहिजे. मजुरी म्हणजे नफा नव्हे. नफा त्यावर वेगळा लावावा. २० टक्के धरल्यास ७६० रुपये मिळून रक्कम ४,५६० होते.

कमिशनचा सापळा

मंचाचे कमिशन व इतर शुल्क विक्री किमतीवर आकारले जाते, खर्चावर नव्हे. ४,५६० रुपयांत ३०० रुपये वाहतूक मिळविल्यास ४,८६० रुपये होतात. सर्व शुल्क मिळून १५ टक्के असेल, तर अनेक जण ४,८६० वर १५ टक्के चढवून ५,५८९ रुपये किंमत लावतात. प्रत्यक्षात मंच ५,५८९ च्या १५ टक्के, म्हणजे ८३८ रुपये कापून घेतो आणि हाती ४,७५१ रुपयेच येतात. प्रत्येक नगामागे १०९ रुपयांची तूट पडते. योग्य रीत अशी, की ४,८६० ला ०.८५ ने भागावे. उत्तर येते सुमारे ५,७१८ रुपये.

यात मोडतोडीचाही वाटा असतो. वीस चौरंगांपैकी एक मोडून परत आला, तर ३,८०० रुपयांची वस्तू आणि जाण्या-येण्याचे ६०० रुपये, असे ४,४०० रुपयांचे नुकसान होते. ते उरलेल्या १९ नगांवर वाटल्यास प्रत्येकी सुमारे २३२ रुपये पडतात. ते धरून विक्री किंमत ५,९९० रुपयांच्या आसपास जाते. वस्तू व सेवा कर लागू असल्यास तो याहून निराळा.

वजन तराजूवरचे आणि खोक्याचे

लाकडी सामानाच्या विक्रीत सर्वाधिक फटका वाहतुकीत बसतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. सेंटिमीटरमध्ये खोक्याची लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्याला साधारणपणे ५,००० ने भागले जाते. वरील चौरंग जोडलेल्या स्थितीत ५६ बाय ५६ बाय ३६ सेंटिमीटरच्या खोक्यात बसतो. पॅकिंगसह त्याचे वजन नऊ किलोच्या आसपास असले, तरी आकारणी २३ किलोची होते. पाय व पट्ट्या सुट्या ठेवून बोल्टने जोडण्याची सोय केली, तर खोक्याची उंची १५ सेंटिमीटरवर येते आणि आकारणी दहा किलोची होते. किलोमागे ३० रुपये धरल्यास ६९० रुपयांऐवजी ३०० रुपये लागतात. म्हणजेच किमतीचा निर्णय कारखान्यात वस्तूची घडण ठरवतानाच होत असतो. मोठी देवघरे व पलंग यांसाठी कुरिअरपेक्षा ट्रान्सपोर्टचा मार्ग सोयीचा पडतो.

हवामानाचाही विचार आवश्यक आहे. सोलापूर जिल्हा कमी पावसाचा, कोरड्या हवेचा. येथे उन्हाळ्यात घडविलेली वस्तू पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पोहोचली, की लाकूड ओलावा शोषून फुगते. लाकूड पूर्ण वाळविलेले असावे आणि रुंद फळी जखडून न टाकता लांबट भोकांतून स्क्रू लावावेत, म्हणजे तिला हालायला वाव राहतो.

नाव खरे, तर भाव खरा

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातील सागवानाची ख्याती मोठी आहे. अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान पाठविण्यात आले होते. या लौकिकाचा आधार घेऊन परदेशी किंवा लागवडीच्या सागाला 'बल्लारशा' म्हणणे हे ग्राहकाची फसवणूक करण्यासारखे आहे. ग्राहकाला ऑनलाइन लाकूड हातात घेऊन पाहता येत नाही. म्हणून लाकडाची जात, मोजमाप, वजन, पॉलिशचा प्रकार आणि प्लायवूडचा वापर असल्यास तोही स्पष्ट लिहावा. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार माल सदोष असल्यास किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसल्यास विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही.

करांचे नियम

लाकडी फर्निचरवरील वस्तू व सेवा कर नोव्हेंबर २०१७ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत केवळ बांबू, वेत यांच्या फर्निचरचा दर पाच टक्के झाला. लाकडी फर्निचर १८ टक्क्यांतच राहिले. कोरीव शोभेच्या लाकडी वस्तूंचे वर्गीकरण निराळे असल्याने वस्तूगणिक करसल्लागाराचे मत घ्यावे.

मालाची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असलेल्यांना एरवी नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन मंचावरून विकणाऱ्यांना ही सवलत पूर्वी नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती ती मिळाली. मात्र पॅन क्रमांक देऊन पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. अक्कलकोटच्या दृष्टीने यातील मेख महत्त्वाची आहे. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवरील पुण्याचा ग्राहक या सवलतीत बसतो. पण तालुक्याच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकातील ग्राहकाला मंचावरून माल पाठविला, की ती आंतरराज्य विक्री ठरते आणि सवलत गळून पडते.

मदतीचे मार्ग

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये, तसेच पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी तिची रचना आहे. ई-वाणिज्य मंचांशी जोडून देण्याचे साहाय्यही त्यात अंतर्भूत आहे.

मोठ्यांच्या अनुभवातूनही बोध घेता येईल. २०१२ मध्ये सुरू झालेली 'अर्बन लॅडर' ही ऑनलाइन फर्निचर कंपनी नोव्हेंबर २०२० मध्ये रिलायन्सने सुमारे १८२ कोटी रुपयांना घेतली. फर्निचरचा ऑनलाइन व्यापार भांडवलदारांनाही सोपा गेलेला नाही. यंत्रावर बनलेल्या स्वस्त टेबलाशी भावाची स्पर्धा करणे सुताराला परवडणारे नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी त्यांच्या गावाच्या नावाने ओळखली जातात. तशी ओळख, मागणीनुसार माप आणि वर्षानुवर्षे टिकणारी जोडणी हेच हस्तनिर्मित सामानाचे बळ आहे.

प्रारंभी एक-दोन लहान, सुट्या भागांत पाठविता येणाऱ्या वस्तू निवडाव्यात. प्रत्येक नगामागे लाकूड, तास व खर्च यांची वहीत नोंद ठेवावी. दहा नगांनंतर ती वही पुन्हा पाहून किंमत सुधारावी. चौरंग विकला गेला, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तो घडविणाऱ्याच्या चौदा तासांचे दाम त्याच्या घरी पोहोचले का, हे ती वहीच सांगते.