अदृश्य शाईतील चित्रकला

दिवसाच्या उजेडात कोरा दिसणारा कागद अंधाऱ्या खोलीत अतिनील विजेरीच्या झोतात धरला, की त्यावर चित्र उमटते. विजेरी दूर नेताच ते नाहीसे होते. अशा चित्रात प्रेक्षकही सहभागी असतो. झोत जेथे फिरेल तेवढाच भाग दिसत असल्याने काय आधी पाहायचे, हे तोच ठरवतो.

या चमत्कारामागे प्रतिदीप्ती हा गुणधर्म आहे. ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. शाईतील रेणू ते शोषून घेतात व त्यातील काही ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. क्विनाइनच्या द्रावणातील निळसर झळाळीचा अभ्यास करून ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले.

पुणे-नाशिक महामार्गावरील भोसरी, मोशी, चाकण हा पट्टा वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. या उद्योगात हेच तत्त्व तपासणीसाठी वापरले जाते. पोलादी भाग चुंबकित करून त्यावर प्रतिदीप्त लोहचूर्ण मिसळलेला द्रव सोडतात. चूर्ण भेगेपाशी गोळा होते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भेग अतिनील दिव्याखाली हिरव्या रेघेसारखी उजळते.

याच रस्त्याने पुढे नाशिकरोड येथे १९२८ पासून चलनी नोटांचा छापखाना आहे. १९९६ मध्ये आलेल्या महात्मा गांधी मालिकेतील नोटांचे क्रमांक प्रतिदीप्त शाईत छापलेले असून कागदात प्रकाशणारे तंतू आहेत. नोटेचा कागद स्वतः मात्र उजळत नाही. बाजारातील पांढऱ्याशुभ्र कागदात कपड्यांच्या टिनोपॉलसारखे शुभ्रतावर्धक रसायन असते. त्यामुळे तशा कागदावरील बनावट नोट अतिनील प्रकाशात सर्वत्र निळसर चमकते.

चित्रकाराचीही खरी कसोटी येथेच लागते. कागदच उजळला, तर चित्र त्यात हरवते. म्हणून कागद निवडताना त्यावर विजेरी टाकून पाहावी. जो काळसर राहील तो उत्तम. शाई ओली असताना दिसते, पण वाळल्यावर रेघ कोठवर आली हे कळत नाही. त्यामुळे चित्र काढतानाही अतिनील दिवा जवळ लागतो. ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त विजेरीतून जांभळा उजेडही पडतो व चित्र फिके वाटते. ३६५ नॅनोमीटरच्या विजेरीत ते अधिक स्पष्ट दिसते. चौकटीला अतिनील किरण अडवणारी काच लावल्यास चित्र दिसतच नाही. उलट सतत ऊन लागल्यास शाईची चमक हळूहळू ओसरते.

विजेरीचा झोत डोळ्यांवर कधीही पडू देऊ नये. तो मंद भासला तरी अपायकारक असतो. लहान मुलांच्या हाती ती देताना मोठ्यांनी जवळ असावे. जंतुनाशक अतिनील दिवे तर या कामासाठी मुळीच वापरू नयेत, कारण त्यांच्या किरणांनी डोळ्यांना व त्वचेला इजा होते.