पंचांगातला शनी आणि आकाशातला शनी

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून मी माझ्या छंदाबद्दल लिहायचे ठरवले. गेली काही वर्षे मी रात्री गच्चीवर जाऊन ग्रह शोधते. साधन म्हणजे एक साधी द्विनेत्री दुर्बीण आणि फोनमधले ॲप. ॲप क्षणात सांगते, हा गुरू, तो शनी. नोकरी सॉफ्टवेअरमध्येच असल्यामुळे, हे गणित आधी कोण आणि कसे करत होते याची उत्सुकता वाटली. शोधत मागे गेले ती थेट कोकणातल्या नांदगावला पोचले.

नांदगाव हे जंजिरा-मुरुडजवळचे गाव. पाचशे वर्षांपूर्वी तिथे केशव दैवज्ञ राहत. त्या काळी ग्रहगणिताचे तीन पक्ष होते: सौर, आर्य आणि ब्राह्म. एकाच रात्रीचे एकाच ग्रहाचे स्थान तिन्ही पक्षांनी काढले, तर उत्तरे वेगवेगळी येत. केशवांनी ग्रह प्रत्यक्ष पाहिले, गणिताशी ताडले आणि १४९६ च्या सुमारास ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ लिहिला. पुढच्या गणितज्ञांनीही ग्रहांच्या युती, उदय आणि अस्त पाहून गणित सुधारत राहावे, असेही त्यांनी सांगून ठेवले.

त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी हेच काम पुढे नेले. त्यांचा ‘ग्रहलाघव’ १५२० चा. त्यात त्यांनी कोणत्याच पक्षाची बाजू धरली नाही. सूर्य सौरपक्षातला घेतला, गुरू आणि मंगळ आर्यपक्षातले. बुधासाठी ब्राह्मपक्ष. शुक्रासाठी ब्राह्म आणि आर्य यांच्या मधला आकडा. शनी आर्यपक्षातला, पण त्यात ५ अंश मिळवून! असे केले म्हणजे ग्रह जिथे दिसतो तिथेच गणिताने येतो, हे कारणही त्यांनी तिथेच दिले. कुणाचे घराणे, कुणाचा ग्रंथ याला महत्त्व नाही. आकाशाशी जुळते ते घ्यायचे.

दुसरी करामत मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. ग्रह काढायचा तर आरंभदिवसापासून किती दिवस गेले, ते आधी मोजावे लागते. याला अहर्गण म्हणतात. जुन्या पद्धतीत हा आकडा प्रचंड मोठा होई. गणेश दैवज्ञांनी सुमारे अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र केले. झालेली चक्रे वेगळी मोजायची आणि उरलेले दिवस वेगळे, म्हणजे आकडा कधीच फार वाढत नाही. ज्या-चापांची, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमितीची, खटपटही त्यांनी काढून टाकली. त्यामुळे गावोगावचे जोशी या ग्रंथावरून पंचांग करू लागले.

आणि इथेच घोटाळा झाला. ग्रंथ इतका सोपा होता की आकाश पाहण्याची गरजच कुणाला वाटेना. गणित कितीही चांगले असले तरी त्यात बारीक चूक राहतेच. समजा, एखाद्या ग्रहात वर्षाला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढीच चूक आहे. साडेतीनशे वर्षांत ती जवळजवळ सहा अंशांची होते. पौर्णिमेचे बारा चंद्र शेजारी शेजारी मांडले तर जेवढी जागा लागेल, तेवढी. आकाश पाहून लिहिलेल्या ग्रंथामुळेच आकाश पाहणे थांबले, आणि केशव दैवज्ञांचा सल्ला बाजूला पडला.

तो पुन्हा उचलला तो एकोणिसाव्या शतकात, आणि इथे आपल्या गुरुजनांना अभिमान वाटावा असा भाग येतो. हे काम शिक्षकांनी केले. केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत होते. पुढे प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. केरोपंतांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. त्यावर मोठा वाद झाला, कारण गणित बदलले की सणांचे दिवसही बदलू शकतात. घराघरातल्या एकादशीचा आणि श्राद्धाचा प्रश्न होता तो. लोक सहजासहजी कसे ऐकणार?

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. त्यांनी शिक्षण खात्यात नोकरी करता करता ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा इतिहास लिहिला. तो १८९६ साली निघाला. नांदगावच्या पितापुत्रांचे श्रेय आपल्याला नीट कळते, ते मुख्यतः त्यांच्यामुळे. सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि त्याला दुसरे नाव दिले ‘रात्रीची दोन घटका मौज’. इतका गंभीर अभ्यासक आकाश पाहण्याला मौज म्हणतो, हे मला फार भावते. त्यांच्याच पिढीतले व्यंकटेश बापूजी केतकर, तेही शिक्षक. त्यांच्या ‘ज्योतिर्गणित’ ग्रंथाने पंचांगकर्त्यांच्या हाती आधुनिक आकडे दिले. पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली आणि हौशी मंडळींना हक्काची जागा मिळाली.

एवढे वाचून झाल्यावर मी एक सवय लावून घेतली आहे. आधी डोळ्यांनी ओळखायचे, मग ॲप उघडायचे. ओळखणे अवघड नाही. तारे लुकलुकतात, ग्रहाचा प्रकाश बहुधा स्थिर असतो. सूर्य-चंद्र ज्या पट्ट्यातून जातात, त्याच पट्ट्यात ग्रह सापडतात. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून लांब जात नाही, म्हणून मध्यरात्री डोक्यावर काही चमकत असेल तर तो शुक्र नव्हे. मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळा. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी यांच्यात जेमतेम सहा कलांचे अंतर होते, आणि हजारो लोक गच्चीवर आले होते. केशव दैवज्ञांनी गणित तपासायला सांगितली होती ती अशीच युती. पुढची २०४० मध्ये आहे. तेव्हा आपण साठीला आलेलो असू!

शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. आपण मार्च १९९६ मध्ये दहावीची परीक्षा दिली, तेव्हा तो मीन राशीत होता. २०२५ च्या मार्चअखेर तो पुन्हा मीन राशीत आला. म्हणजे शाळा सोडल्यापासून शनीची एक पुरी फेरी झाली. साडेसातीची काळजी करणाऱ्यांनी ती खुशाल करावी, पण निदान एकदा तो पाहून घ्यावा. डिसेंबर २०२६ मध्ये आपले संमेलन आहे. त्या दिवसांत संध्याकाळी सात-साडेसातला शनी दक्षिणेला, बराच उंच असेल. जेवणाच्या पंगती बसण्याआधी पाच मिनिटे मैदानावरचे दिवे बंद करायची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. द्विनेत्री मी आणते. पण ती कुणी मागायची नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायचा.