मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंडांचे खेडे. गडचिरोली-धानोरा रस्त्यावर, गडचिरोलीपासून सुमारे ३० किमी. वस्ती पाचशेच्या आसपास. बोली गोंडी, बाहेरच्यांशी मराठी. शेजारच्या लेखा गावावरून कंसातले नाव पडले.

इचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या आंदोलनातून १९८० च्या दशकात गाव जागे झाले. ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचे राज्य) ही घोषणा रुजली. गावचे देवाजी तोफा आणि बाहेरून शिकायला आलेले मोहन हिराबाई हिरालाल ही या कामातील दोन ठळक नावे. ग्रामसभेत मतदान होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. त्यात वेळ जातो, पण ठरलेले मोडत नाही. दारूबंदी अशीच टिकली. घोटुल, म्हणजे तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याचे घर, पुन्हा उभारले, तेव्हा जंगलातले लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. गावाने ते परत बांधले आणि आसपासच्या गावांनीही आपापली घोटुले उभी केली.

वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. मर्दा गावासोबत देशात हा मान पहिला. पण खरी कसोटी २०११ सालची. पूर्वी इथला बांबू भाडेपट्ट्याने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाई. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले, तरी वनखाते १९२७ च्या वन कायद्यावर बोट ठेवून त्याला झाडच म्हणत राहिले आणि वाहतूक परवाना देईना. गवताच्या कुळातल्या वनस्पतीला सरकारी कागदावर झाड करून ठेवले होते! परवान्याविना बांबू तोडता येतो, नाक्यापलीकडे नेता येत नाही. म्हणजे हक्क नुसता कागदावरचा. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. तेव्हापासून बांबूच्या गाडीसोबतचा कागद ग्रामसभा फाडून देते. या गावच्या इतिहासात घोषणेपेक्षा हे पुस्तक वजनदार ठरले.

२०१३ मध्ये गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. त्याआधारे स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा मिळायला २०२४ साल उजाडले.