घरातील यंत्र आणि कार्यालयातील कुलूप : 'सिस्टिम रिस्टोअर'च्या इतिहासातील एक प्रकरण

२००१ साली प्रसृत झालेल्या विंडोज एक्सपी या संगणक-प्रणालीच्या घरगुती आवृत्तीत एक चमत्कारिक सूचना अनेकांच्या पाहण्यात आली. यंत्र बिघडले म्हणून मालकाने ते पूर्वस्थितीत नेण्याची 'सिस्टिम रिस्टोअर' ही सोय उघडावी, तो पडद्यावर मजकूर उमटे की, ही सोय ग्रुप पॉलिसीने बंद केलेली आहे. ती सुरू करावयाची असल्यास डोमेनच्या प्रशासकाशी संपर्क साधावा. डोमेन म्हणजे एका मध्यवर्ती यंत्राच्या हुकमतीखाली बांधलेला संगणकांचा समूह. घरगुती आवृत्तीस अशा समूहात सामील होण्याची मुभाच नव्हती. अर्थात ज्या अधिकाऱ्याकडे मालकास पाठविले जात होते, तो त्या यंत्राच्या घडणीनुसार अस्तित्वात असणेच शक्य नव्हते. ही विसंगती शब्दयोजनेतील निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. तिच्या मुळाशी दोन भिन्न परंपरांचा संगम असून तो नीट न उलगडल्यास हे कुलूप कोठून आले व कसे निघते, हे दोन्ही कळणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींचे १९९० नंतरच्या दशकात दोन वंश होते. १९९३ साली सुरू झालेला विंडोज एनटीचा वंश कार्यालयांसाठी होता. यंत्र संस्थेच्या मालकीचे, वापरणारा नोकर आणि दोहोंवर देखरेख करणारा प्रशासक, हे त्याचे गृहीत होते. दुसरा वंश १९९५, १९९८ व २००० सालच्या घरगुती आवृत्त्यांचा. त्यात मालक, वापरणारा आणि दुरुस्ती करणारा एकच मानला होता. दोन्ही वंशांत यंत्राची सर्व मांडणी 'रजिस्ट्री' नावाच्या एका मोठ्या दप्तरात नोंदविली जाई. हे दप्तर बिघडले की यंत्र अडे. म्हणून विंडोज ९८ मध्ये त्याच्या मागील पाच प्रती राखण्याची तजवीज होती, तर एनटीमध्ये शेवटच्या यशस्वी प्रारंभाची मांडणी परत आणता येई.

प्रशासकाचे हुकूम याच दप्तरात लिहिले जात. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये त्यांत एक मोठा दोष होता. हुकूम एकदा लिहिला म्हणजे धोरण मागे घेतले तरी त्याची नोंद तशीच राही. जाणकार तिला 'गोंदण' म्हणत, आणि हा शब्द अगदी समर्पक आहे. २००० साली विंडोज २००० बरोबर आलेल्या ग्रुप पॉलिसीने हा दोष दूर केला. हुकुमांसाठी दप्तरात स्वतंत्र कप्पे राखले गेले आणि मध्यवर्ती धोरण उठताच तेथील नोंदी आपोआप पुसल्या जाऊ लागल्या. परंतु हा इलाज धोरण लावणारे व उठविणारे कोणीतरी आहे, या समजुतीवर उभा होता.

सिस्टिम रिस्टोअरचा जन्म मात्र घरगुती वंशात, सप्टेंबर २००० मध्ये विंडोज एमईबरोबर झाला. प्रशासक नसलेल्या घरासाठीच ती सोय होती. महत्त्वाच्या फायलींची व दप्तराची स्थिती ठरावीक काळाने टिपून ठेवावी आणि बिघाड झाल्यास त्या बिंदूपर्यंत मागे जावे, अशी तिची योजना होती. आरंभी तिची कामगिरी फारशी स्पृहणीय नव्हती. ८ सप्टेंबर २००१ नंतर निर्माण झालेले बिंदू कालनोंदीच्या चुकीमुळे परत आणताच येत नसत व त्यासाठी वेगळी दुरुस्ती प्रसृत करावी लागली. दुसरी अडचण अधिक बोचरी होती. हे बिंदू ज्या संरक्षित जागेत ठेवले जात, तेथे विषाणूची प्रत शिरली तर विषाणुरोधक कार्यक्रमांचा हात तेथवर पोहोचत नसे. म्हणून ही सोय बंद करा, यंत्र स्वच्छ करा, मग पुन्हा सुरू करा, असा सल्ला त्या कार्यक्रमांचे निर्मातेच देत. सल्ला योग्य होता. परंतु सोय बंद करताच साठविलेले सर्व बिंदू नष्ट होत, ही किंमत त्यात होती.

ऑक्टोबर २००१ मधील एक्सपीत दोन्ही वंश एक झाले. घरची सोय कार्यालयात गेली आणि कार्यालयाची हुकूमव्यवस्था घरात आली. संस्थेच्या प्रशासकास ही सोय बंद ठेवता यावी किंवा नोकरास तिच्या मांडणीत फेरफार करता येऊ नये, म्हणून दोन धोरणे निर्माण झाली. दप्तरात त्यांच्या नोंदी अनुक्रमे 'डिसेबलएसआर' व 'डिसेबलकॉन्फिग' या नावांनी होतात. पैकी कोणत्याही नोंदीपुढे १ हा आकडा असला की कुलूप लागले. ही धोरणे बदलण्याचे साधन, म्हणजे ग्रुप पॉलिसीचा संपादक, व्यावसायिक आवृत्तीत दिला होता. घरगुती आवृत्तीत तो नव्हता. तथापि त्या नोंदी मानण्याचे बंधन घरगुती यंत्रावरही तसेच होते. कुलूप घरी आले, किल्ली कार्यालयातच राहिली.

याचा लाभ प्रथम उपद्रवी कार्यक्रमांनी घेतला. एक्सपीत घरच्या वापरणाऱ्याचे खाते आरंभापासून प्रशासकाच्या दर्जाचे असे. सबब त्याने नकळत चालविलेल्या कार्यक्रमासही तोच दर्जा मिळे व दप्तरातील राखीव कप्प्यात लिहिणे त्यास अवघड नसे. २००५ साली इंडोनेशियात उद्भवलेल्या ब्रॉन्टॉक या कृमीने अशाच एका धोरणनोंदीने दप्तर उघडण्याचे साधनच बंद केले. ही नोंद कोणत्याही मध्यवर्ती धोरणातून आलेली नसल्याने ती पुसणारेही कोणी नव्हते. जे गोंदण कार्यालयातून हद्दपार झाले होते, ते घरात पुन्हा उमटले. येथे दोष मालकाच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

उपाय या इतिहासातूनच निघतो. प्रथम उपद्रवी कार्यक्रम काढून टाकावा लागतो, अन्यथा नोंद पुन्हा लिहिली जाते. मग प्रशासकाच्या खात्यातून रजिस्ट्री उघडून, यंत्रविषयक विभागातील सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, सिस्टिमरिस्टोअर या क्रमाने आत जावे, उपर्युक्त दोन नोंदी खोडाव्या व यंत्र पुन्हा सुरू करावे. यंत्र खरोखरच एखाद्या संस्थेचे असेल तर हा खटाटोप व्यर्थ होय. धोरणाच्या पुढील फेरीत नोंदी परत येतात, आणि तसे होणे उचितही आहे. घरच्या यंत्रावर मात्र कुलूप निघते. नष्ट झालेले जुने बिंदू त्यामुळे परत येत नाहीत. मालकाच्या हाती चालू व्यवस्था येते, पण ती रिकामी.

२००७ च्या विस्टापासून या सोयीची घडण बदलली. बिंदू संपूर्ण विभागाच्या छायाप्रतींच्या रूपाने ठेवले जाऊ लागले आणि प्रशासकीय कृतीपूर्वी संमती विचारण्याची पद्धत आली. त्यामुळे कुलूप लावण्याचे डावपेच मागे पडले, परंतु त्यांची जागा सरळ विध्वंसाने घेतली. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर कार्यक्रमाने छायाप्रती पुसण्याचे व दुरुस्तीची प्रारंभव्यवस्था बंद करण्याचे हुकूम प्रणालीच्याच अधिकृत साधनांकडून बजावून घेतले. विंडोज १० पासून तर ही सोय अनेक यंत्रांवर मुळातच बंद असते. अशा ठिकाणी कुलूप नसते. मालकाने ती एकदा सुरू करावयाची एवढेच. हा भेद न ओळखता दप्तरात हात घालणारे पुष्कळ आढळतात.

विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीतही धोरणांचा संपादक नाही. एनटी हे नाव धारण करणारी शेवटची प्रणाली १९९६ ची. परंतु घरच्या यंत्रातील हे कुलूप ज्या कप्प्यात लागते, त्याच्या पत्त्यात ते नाव अद्याप कायम आहे.