जुनी वाद्ये आणि तबकडीचा पुरावा

बेथोव्हेनची तिसरी सिंफनी 'इरोइका' 1805 मध्ये व्हिएन्ना येथे प्रथम जाहीरपणे वाजविली गेली. रॉजर नॉरिंग्टन यांनी 1980 नंतरच्या दशकात ती आतड्याच्या तारा व झडपांविरहित शिंगे घेऊन ध्वनिमुद्रित केली. तेथे स्वरलेख हाताशी होता. शोधावयाचा होता तो नाद. महाराष्ट्रातील स्थिती नेमकी उलट आहे. नादाच्या तबकड्या उरल्या, परंतु स्वरांचे मान ठरविणारा लेख नाही.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार होता. पुढे क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियम सिद्ध झाली. 1916 च्या बडोदे परिषदेत मात्र तिला मान्यता मिळाली नाही. गंमत अशी की, खाँसाहेबांच्या 1934 नंतरच्या मुद्रिकांत साथीला पेटी आहेच! पुण्यापासून हिंगणघाटपर्यंत नाटक-कीर्तनात पेटी रुळली होती. आकाशवाणीने 1940 मध्ये घातलेली बंदी पुढची.

तेव्हा या मुद्रिकांवरून श्रुती मोजणाऱ्याने सावध असावे. तबकडीचा वेग चुकल्यास षड्ज सरकतो, स्वरांतील परस्पर अंतर मात्र टिकते. ही अडचण गौण होय. खरी अडचण ही की, गळ्याने पेटीला कितपत मानले ते वेगळे काढता येत नाही. म्हणून जेथे पेटी थांबते अथवा मागे रेंगाळते आणि केवळ तंबोऱ्यावर स्वर ठरतो, तेवढ्याच जागा प्रथम मोजावयास हव्यात.