काळा आजार : लायपोसोमयुक्त उपचार
वाळूमाशीच्या दंशाने पसरणाऱ्या काळ्या आजाराचे आदिजीव यकृत व प्लीहा यांतील महाभक्षी कोशिकांत वाढतात. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्ता येथे १९२०च्या सुमारास तयार केलेल्या यूरिया स्टिबामाइनमुळे मृत्युप्रमाण पुष्कळच घटले. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर बिहारमध्ये अँटिमनीची औषधे निष्प्रभ ठरू लागली. अँफोटेरिसीन-बी गुणकारी, पण मूत्रपिंडांस अपायकारक. शिवाय त्यासाठी रुग्णालयात कित्येक आठवडे काढावे लागत. रोजंदारीवर जगणाऱ्यास ते परवडणारे नव्हते.

१९६०–७० या दशकात ॲलेक बँगम यांनी वसेच्या सूक्ष्म पुटिकांचे, म्हणजे लायपोसोमांचे, वर्णन केले. महाभक्षी कोशिका या पुटिका परका पदार्थ म्हणून गिळतात. इतर उपचारांत अडचणीचा असलेला हा गुणधर्म येथे उपकारक ठरला, कारण औषध थेट परजीवीच्या आश्रयस्थानीच पोहोचते. प्राण्यांवरील प्रयोगांत १९७७-७८ मध्ये हे दिसून आले. पुढे १०० नॅनोमीटरपेक्षा लहान पुटिकांत अँफोटेरिसीन-बी भरण्यात आले. श्याम सुंदर व सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिहारमधील चाचणीत शरीरभाराच्या दर किग्रॅ.ला १० मिग्रॅ. अशा एकाच मात्रेने सु. ९६% रुग्ण बरे झाले. पूर्व आफ्रिकेत एका मात्रेस एवढे यश आले नाही. औषध महाग असल्याने भारतीय उपखंडातील पुरवठा मुख्यत्वे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत येणाऱ्या देणगीवर चालला. हा आधार भक्कम म्हणता येत नाही.